वाळलेल्या गवतावर चूल

मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेलो तेव्हा सुट्टीत त्याने आम्हाला गाडीत घालून खेड्यापाड्यांतून फिरवलं. कापणी झालेली गव्हाची शेतं, एखादा पेट्रोलपंप, एक बेकरी, की गाव संपलं. मुक्काम तंबूत. साठी उलटल्यावर जमिनीवर झोपायची मला गंमतच वाटत होती, फक्त तिथला चहा काही जमेना. कोमट पाण्यात बुडवलेली पुडी. रोज सकाळी मी कुरकुरायची आणि हे ऐकून घ्यायचे.

हे म्हणजे माझे यजमान. रायपूरजवळ सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी भट्टीपाशी गेली. कुणी नको तिथे बिडी पेटवली तर त्याला त्याच पावली घरी धाडणारा माणूस.

एका गावात शिरताना रस्त्याच्या कडेला वणव्याचा धोका दाखवणारा मोठा फलक दिसला. त्यावरचा काटा लाल रंगावर होता. मुलगा म्हणाला, "बाबा, आता इथे काडीसुद्धा ओढायची नाही. बंदी आहे." ह्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून तंबूंच्या तळावरच्या सामाईक न्हाणीघरात आंघोळीला गेले होते. मी तंबूतून बाहेर आले तर हे तीन दगड मांडून, निलगिरीच्या काटक्या पेटवून बसलेले. वर पातेल्यात आलं घातलेला चहा.

"अहो, हे काय करून राहिले? त्यानं नाही म्हटलं ना?"

"इत्तुशी तर आग आहे. तुले चहा पाहिजे होता ना? बस चूपचाप."

मी बसले. ह्यांनी कप भरून हातात दिला. आल्याचा वास आला आणि मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात वारा सुटला. एक जळकी काटकी उडून गवतात पडली आणि गवत असं पेटलं, जणू त्याची वाटच पाहत होतं. हे चपलांनी तुडवायला लागले. मी हातातला चहा ओतला. त्याने काय होणार? शेजारच्या गाडीतला माणूस घोंगडी घेऊन धावला, आणखी दोघं पाण्याच्या बादल्या घेऊन आले. आग आटोक्यात आली तोवर गावातून लाल बंब येऊन थांबला. त्यातून उतरलेली माणसं नोकरीवरची नव्हती, गावचीच होती. एका बाईच्या अंगावर बंबवाल्यांचा जाड कोट आणि हात पिठाने माखलेले. बेकरीतली भट्टी तशीच टाकून आली होती ती.

मुलगा ओल्या केसांनी पळत आला. इंग्रजीत सांगू लागला की हे म्हातारे आहेत, परके आहेत, यांना माहीत नव्हतं. ह्यांनी त्याला थांबवलं. आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मला माहीत होतं. चहा प्यायची इच्छा मला झाली."

मी शेजारीच उभी होते, रिकामा कप हातात धरून.

त्यांच्यातला वयस्कर माणूस ओरडला नाही. त्याने फक्त मागच्या टेकडीकडे बोट दाखवलं. तिथे मागच्या कुठल्या वणव्यात जळालेली काळी खोडं उभी होती. "माझं घर तिथे होतं," एवढंच म्हणाला. मग ते सगळे राखेवर पाणी मारत राहिले. ओरडला असता तर सोसलं असतं.

गाडीत बसल्यावर मुलगा हिंदीत बोलला. चिडला की त्याची मराठी सुटते. "आप लोग सुनते क्यों नहीं हो?" आरशात त्याचा चेहरा दिसत होता. लहानपणी रायपूरला आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात कुणाची काच फोडून आला की मी त्याच्याकडे बघायची, तसाच तो आमच्याकडे बघत होता. पुढच्या दोन्ही गावांत हे गाडीतून उतरले नाहीत. मीही नाही.

रायपूरला परतल्यावर आमच्या मराठी मंडळींनी प्रवासाच्या गप्पांना बोलावलं. मला वाटलं, कांगारूंचं सांगतील. ह्यांनी आगीचंच सांगितलं, पहिल्यापासून. समोरून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे भाऊ, तिथं जाऊन होळीच पेटवली म्हणा!" सगळे हसले.

"हसू नका," हे म्हणाले. "कोणाचं तरी गाव होतं ते."

शेजारच्या बाईंनी हळूच मला विचारलं, "अन् तुम्ही कुठे होत्या तेव्हा?"

"झोपली होती," मी म्हणाले.

ह्यांनी ते ऐकलं. घरी येईपर्यंत त्याबद्दल मला काही विचारलं नाही, आणि नंतरही कधी नाही.