अडतिसावी चाचणी

मिळालेल्या उत्तरावर समाधान न मानणारी जेवढी म्हणून माणसं या जगात असतील, त्यांच्यात माझ्या खोलीतल्या जोडीदाराचा नंबर पहिला लागेल. आणि तू पहिला आलास असं त्याला कळवलं, तर तो मोजणी पुन्हा करायला लावील. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं आम्ही जळगावात एका खोलीत काढली. तो पारोळ्याकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. मी नशिराबादच्या पुढच्या एका खेड्यातला, केळीवाल्यांचा. कॉलेजात पाऊल टाकणारे आम्ही आपापल्या घरातले पहिलेच. त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट घाबरत करायचो आणि तो प्रत्येक गोष्ट तपासत करायचा. दिसायला दोन्हींत फार फरक नसे, वेळ सारखाच लागे.

खोलीसाठी कुलूप आणलं त्या दिवशी मला त्याची पहिली ओळख झाली. मी कुलूप लावलं, किल्ली फिरवली, उघडलं आणि झालं म्हणालो. तो म्हणाला, "बरोबर किल्लीनं उघडलं, त्यात काय विशेष? चुकीच्या किल्लीनं उघडत नाही, हे कोण बघणार?" मग तो गल्लीत निघाला. घरमालकीण अक्कांची किल्ली, शेजारच्या शिंप्याची, पिठाच्या गिरणीची, अशा अकरा किल्ल्या त्यानं मागून आणल्या आणि एकेक लावून पाहिली. गिरणीच्या किल्लीनं आमचं कुलूप उघडलं. त्याला एवढा आनंद झाला की कुलूप आणि गिरणीची किल्ली दोन्ही घेऊन तो तसाच दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, गल्लीभरच्या किल्ल्या घेऊन चोर येत असतो का?" हा म्हणाला, "मी आलो ना." दुकानदारानं कुलूप बदलून दिलं. गिरणीवाला मात्र तासभर गिरणीबाहेर उभा होता.

त्याच्या गावी जाताना एसटीतही तेच. मी स्टँडवर तीनतीन माणसांना "ही गाडी पारोळ्याला जाते का" असं विचारायचो आणि तरी धाकधूक असायची. तो कंडक्टरला आधी विचारायचा, "ही चोपड्याला जाते का?" चोपडा वेगळ्याच दिशेला. कंडक्टर नाही म्हणाला, तरच पुढे विचारायचा, "मग पारोळ्याला?" त्याचं म्हणणं असं की ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'वर गाडीत बसायचं नाही. एकदा एक दमलेला कंडक्टर दोन्हींना हो म्हणाला. आम्ही उतरलो. गाडी आमच्यासमोरून पारोळ्याकडे निघून गेली आणि पुढची दीड तासानं आली. त्या दीड तासात त्याला जराही पस्तावा झाला नाही. "गाडी बरोबर व्हती, भो," तो म्हणाला. "पण उत्तर बरोबर नव्हतं."

जेवायला आम्ही आठ जण अक्कांकडेच होतो. एके दिवशी शेवभाजी अगदी नीट झालेली असताना हा म्हणाला, "अक्का, मीठ नाही भाजीत." अक्कांनी भाजी न चाखता चिमूटभर मीठ टाकलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा म्हणाला, अक्कांनी पुन्हा टाकलं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही सात जणांनी त्याचा हात धरला, तेव्हा कुठे कळलं की हे चाललेलं होतं काय. त्याच्या दोनशेपानी वहीत तारखेसह नोंद होती: 'अक्का. न चाखता मीठ घालतात. तीनदा करून पाहणे.' अक्कांना कुणीतरी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुह्या मायनं तुले कसं वाढवलं असंन रे बाप्पा," आणि पुढचे दोन दिवस त्याच्या ताटात अळणी भाजी वाढली. त्यानं ती निमूट खाल्ली. तिसऱ्या दिवशी वहीत लिहिलं: 'अक्का. आता चाखतात.'

असा माणूस प्रोजेक्टला जोडीदार म्हणून मिळाला की सुटका नसते. आमचा विषय त्यानंच निवडला. कॉम्प्युटरमधली फाइल कुलूपबंद करायची तर तिची चावी म्हणजे एक लांबलचक आकडा असतो, आणि तो आकडा त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवला तर कपाटाची चावी कपाटावरच ठेवल्यासारखं होतं. म्हणून त्यानं एक सर्किट बनवलं आणि साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. डबी प्रिंटरच्या जागी लावायची. मोठी चावी डबीत जन्मायची, डबीतच राहायची, बाहेर कुणालाही दिसायची नाही, त्यालासुद्धा नाही. सिस्टिमनं विचारलं की डबी फक्त त्या एका फाइलीची छोटी चावी मोकळी करून द्यायची, आणि काम झालं की सिस्टिमनं ती छोटी चावी आपल्या स्मरणातून पुसून टाकायची. हे सगळं साध्या प्रोग्रॅममध्ये करून भागणार नव्हतं. सिस्टिमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यातच घालायचं होतं. सोर्ससकट, म्हणजे मूळ लिखाणासकट मिळणारी युनिक्ससारखी एक सिस्टिम कुणाच्या तरी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर आम्हाला मिळाली होती. डबी आणि तिच्याशी बोलणारा भाग त्यानं लिहायचा, फाइल उघडणं, मिटणं आणि चावी पुसणं मी, अशी वाटणी त्यानंच केली. माझ्या वाट्याला सोपं आलं आहे, हे मला कळत होतं. मी ते घेतलं.

मग चाचण्या सुरू झाल्या. बरोबर डबी लावून पाहिली, डबी न लावता पाहिली. दुसरी हुबेहूब डबी करून तीही लावून पाहिली. एकोणिसाव्या चाचणीत डबी वैशाखात दुपारभर गच्चीवर ठेवली. जळगावच्या उन्हात आम्हाला स्वतःला उभं राहवत नव्हतं, डबीचं झाकण वाकलं, पण चावी शाबूत. पंचविसाव्या चाचणीत त्यानं डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आता तू मला फसव." मी दोन दिवस प्रयत्न केला आणि जमलं नाही, तेव्हा तो माझ्याकडे थोडं निराश होऊन बघत होता. सगळ्या चाचण्यांसाठी फाइल एकच: त्याच्या आईनं सांगितलेली वांग्याच्या भरताची कृती, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. "गुपित असं पाहिजे की बाहेर गेलं तर आपलं काही नुकसान नको," तो म्हणायचा.

सदतीस चाचण्या पास झाल्या. अडतिसावी होती ती अशी की फाइल वाचली जात असतानाच डबी उपटून घ्यायची, आणि मग फाइल पुन्हा उघडून पाहायची. उघडायला नको होती. बहुतेक वेळा उघडतही नव्हती. पण मधूनच एखाद्या वेळी उघडायची. तोंडी परीक्षेला चार दिवस राहिले होते.

कारण त्याला तासाभरात सापडलं. फाइल नीट मिटली तरच छोटी चावी पुसली जात होती. मध्येच डबी गेली तर कधीकधी पुसायचं राहून जायचं. ती ओळ मी लिहिली होती, किंवा जिथे लिहायला हवी होती तिथे लिहिली नव्हती. त्यानं मला एवढंच सांगितलं, "इथं पण पुसावं लागेल." मी लगेच दुरुस्ती केली. पण आमच्या त्या जुन्या मशीनवर ती लागू व्हावी म्हणून कर्नेल नव्यानं कम्पाइल करायला, म्हणजे पुन्हा बांधून घ्यायला, तीन तास लागायचे, आणि त्या आठवड्यात सलग तीन तास लाइट काही राहिली नाही. पाच वेळा सुरू केलं, पाचही वेळा अर्ध्यात गेली.

तोंडीच्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणालो, "आज अडतिसावी करू नको."

माझं सगळं त्या मार्कांवर होतं. पुण्याच्या एका कंपनीनं कॉलेजात मुलाखती ठेवल्या होत्या आणि फर्स्ट क्लासशिवाय फॉर्म घेणार नव्हते. माझी आधीची बेरीज अशी होती की प्रोजेक्टला चांगले मार्क पडले तरच फर्स्ट क्लास बसत होता. त्याचंही जवळपास तसंच होतं. घरी आमचे नाना, म्हणजे माझे वडील, केळी भरायला येणाऱ्या ट्रकवाल्यांना आतापासूनच सांगत होते की पोरगा पुण्याला चालला.

तो म्हणाला, "सरांनी नही विचारं तं नही करत."

परीक्षक धुळ्याहून आले होते. शांत, पांढऱ्या सफारीतले गृहस्थ. डबी हातात घेऊन त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "चंदन?" मग एकेक चाचणी बघत गेले, मान हलवत गेले. आणि शेवटी, जणू सहज, म्हणाले, "वाचताना मध्येच डबी काढली तर?"

माझ्या जोडीदारानं फाइल वाचायला लावली, डबी उपटली, आणि त्याच क्षणी लाइट गेली. कॉलेजचं जनरेटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागली. मशीन पुन्हा चालू केलं, डबी न लावता फाइल उघडायला सांगितली. नाही उघडली. परीक्षक म्हणाले, "उत्तम," आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. मी आयुष्यात पहिल्यांदा वीज मंडळाचे आभार मानले.

"सर," तो म्हणाला, "हा पास खरा नाही."

परीक्षकांनी पेन थांबवलं.

"लाइट गेली म्हणून स्मरण पुसलं गेलं. आमच्या प्रोग्रॅमनं नाही पुसलं. परत करू."

मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. त्यानं पाय बाजूला घेतला. पहिल्यांदा केलं, उघडली नाही. दुसऱ्यांदा केलं, उघडली नाही. परीक्षक म्हणाले, "अहो, पुरे आता." तो म्हणाला, "एकदाच, सर." तिसऱ्यांदा डबी त्याच्या हातात होती आणि पडद्यावर पहिली ओळ आली: वांगी कापसाच्या पऱ्हाटीवर भाजून घ्या.

परीक्षकांनी ती ओळ वाचली. त्यांना हसू आलं असावं, पण ते हसले नाहीत. "पुसण्याचा भाग कोणी लिहिला?"

मी तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर नाना होते, ट्रक होता, फॉर्म होता. मी सांगणारच होतो, असं मला अजूनही वाटतं. पण खोली शांतच राहिली. मग शेजारून आवाज आला, "मी, सर."

परीक्षक म्हणाले, "खरं बोललास हे चांगलं केलंस. पण मला चालणाऱ्या कामाचे मार्क द्यायचे असतात." आणि त्यांनी ते ज्याच्या त्याच्या भागाप्रमाणे दिले. मला फर्स्ट क्लास मिळाला. त्याचा सहा मार्कांनी गेला. मी पुण्याला गेलो, तो धुळ्याला गेला आणि तिथे त्यानं कॉम्प्युटरचे क्लास काढले.

दोन वर्षांनी मी मुद्दाम धुळ्याला त्याच्याकडे गेलो. बोर्डवर त्याचं नाव, आत सहा मशीन, आणि एका मुलीला तो सांगत होता, "बरोबर पासवर्ड टाकू नको, चुकीचा टाकून दाखव." मुलगी हैराण होऊन त्याच्याकडे बघत होती. माझं मन जरा हलकं झालं. क्लास सुटल्यावर आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो. वाटेत दहा वेळा जुळवलेलं वाक्य मी एका दमात बोलून टाकलं. "ती ओळ माझ्या वाट्याची होती."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "वाटणी मीच केली होती."

"मग तू का म्हणालास?"

त्यानं कप खाली ठेवला. "मी पाचपर्यंत मोजलं. मग बोललो."

मला कानाला चटका बसल्यासारखं झालं. माझ्या बाबतीत तो काय करत होता, हे मला दोन वर्षांनी कळत होतं. मी कसंबसं विचारलं, "म्हणजे माझीही चाचणीच घेतलीस. वहीत काय लिहिलंस?"

त्यानं वर बघितलं. त्याला इतकं नवल वाटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "चाचणी नव्हती, भो," तो म्हणाला. "मी तं तुन्ही वाट देखी ऱ्हायंतू." मी बोलेन म्हणून तो माझी वाट पाहत होता.

मग त्यानं आणखी दोन चहा सांगितले आणि मला पुण्यातल्या मशीनबद्दल विचारायला लागला. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला, आणि एकदाही त्यानं मला पुन्हा विचारून पडताळून पाहिलं नाही. त्यानंतर मी एकटा असताना कितीदा तरी एक ते पाच मोजून पाहिले आहेत, सावकाश, त्यानं मोजले असतील तसे. 'माझा भाग, सर' एवढं म्हणायला दोन आकडेही पुरतात.