बिस्किटांची अठ्ठावीस राज्यं

“टेक्सास कुठाय?” मिस्टर डॉसननी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

नकाशा माझ्या पेस्ट्री सेक्शनच्या संगमरवरी टेबलावर पसरलेला होता. मी मिसेस कॉलिअरकडे पाहिलं, कारण नकाशा त्यांनी आणला होता. त्यांनी शांतपणे चष्मा काढला.

“टेक्सास तेव्हा नव्हतं, मिस्टर डॉसन. सतराशे शहात्तर साली आमची तेरा राज्यं होती. तुमचं टेक्सास स्पेनच्या ताब्यात होतं.”

“असेल. पण जेवायला मी येणार आहे, स्पेनचा राजा नाही.”

माझ्या मागे यूसुफ उभा होता. यूसुफ आमचा बँक्वेट मॅनेजर, म्हणजे हॉटेलातल्या सगळ्या मोठ्या जेवणावळींचा कारभारी. पक्का बहरीनी, गोड बोलणारा. तो हळूच “मफी मुश्किल, मफी मुश्किल” म्हणायला लागला. याचा अर्थ ‘काही अडचण नाही’ असा होतो. यूसुफ ते अडचण आली की म्हणायचा.

साल एकोणीसशे शहात्तर. मी बहरीनची राजधानी मनामा इथल्या एका मोठ्या हॉटेलात पेस्ट्रीचं काम बघत होतो. अमेरिकेला दोनशे वर्षं पूर्ण होणार होती आणि बहरीनमधले अमेरिकन लोक, बहुतेक तेलाच्या धंद्यातले, चार जुलैला आमच्याकडे दुपारचं मोठं जेवण देणार होते. मिस्टर डॉसन एका ड्रिलिंग कंपनीचे मॅनेजर, सहा फुटांच्या वर उंच. मिसेस कॉलिअर एका इंजिनिअरच्या पत्नी, व्हर्जिनिया राज्यातल्या. तिकडे शाळेत इतिहास शिकवायच्या. दोघांना नकाशाच्या आकाराचा केक हवा होता. फक्त नकाशा दोघांचा वेगळा होता.

मला हे काम जमायलाच हवं होतं. आमचा फ्रेंच पेस्ट्री शेफ काम सोडून गेला होता आणि त्याची जागा मी नुसता सांभाळत होतो. जनरल मॅनेजरच्या मनात युरोपातून नवा माणूस आणायचं होतं. यूसुफने त्यांना सांगितलं होतं, “सर, आधी सायमनचं काम बघा.” मी वसईचा. मुंबईच्या हॉटेलात अंडी फोडण्यापासून शिकलेलो. माझं काम बघायची वेळ आली, तर समोर हे दोघं भांडत होते.

“तेराच राज्यं हवीत. नाहीतर तो खोटा इतिहास होईल,” मिसेस कॉलिअर म्हणाल्या.

“मग आम्ही दुसऱ्या हॉटेलात जातो,” डॉसन म्हणाले.

भांडण नकाशाचं होतं, म्हणून मला आमचं बेळगाव आठवलं. तिथेही कोण कुठल्या राज्यात यावर घराघरांत वाद. मी घसा साफ केला.

“मॅडम, तेराची पुढे जास्त राज्यं झालीच ना? ती एकदम आली की एकामागून एक?”

“अर्थात एकामागून एक.”

“मग केकवरही तशीच येऊ देत. केक आम्ही कोरा पांढरा ठेवू. प्रत्येक राज्याचा वेगळा तुकडा करू. तुम्ही इतिहास सांगा, आणि ज्या राज्याचं नाव येईल, तिथल्या पाहुण्याने आपला तुकडा केकवर मांडायचा.”

दोघांनी एकदम नकाशाकडे पाहिलं. मग मिसेस कॉलिअरनी पुन्हा चष्मा लावला. त्यांना पाहुण्यांसमोर अख्खा एक तास शिकवायला मिळणार होता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

“टेक्सास कितवं?” डॉसननी विचारलं.

“अठ्ठाविसावं.”

“तितका वेळ मी नुसता उभा राहू?”

“सर, आपण तिथेच थांबू,” मी म्हणालो. “टेक्सास शेवटचा तुकडा. आणि सगळ्यांत मोठा.”

ते हसले. “सगळ्यांत मोठा? दॅट्स करेक्ट.”

यूसुफने माझ्या पाठीवर थाप मारली. “यल्ला सायमन, चल, आता कर!”

कबूल करणं सोपं असतं. मी आधी तुकडे पेस्टियाजचे करायला घेतले. पेस्टियाज म्हणजे पिठीसाखर आणि जिलेटिनची कणीक. लाटायची, कापायची, वाळवायची. वाळली की खडूसारखी कडक होते. पण त्यासाठी कोरडी हवा लागते. बहरीनमधला जुलै म्हणजे खिडकी उघडली की चष्म्यावर पाणी. किचनचं दार दिवसभर उघडझाप करायचं आणि माझी राज्यं संध्याकाळपर्यंत ओल्या पापडासारखी लोळत पडायची. न्यूयॉर्क उचललं की हातात वाकायचं.

मग बिस्किटांचे करायचं ठरवलं. शॉर्टब्रेड, म्हणजे मैदा, लोणी आणि साखर, बाकी काही नाही. साच्यांसाठी मी हनीफभाईंकडे गेलो. हनीफभाई रत्नागिरीकडचे, आमच्या हॉटेलचे सुतार. त्यांनी पातळ प्लायवूडमधून एकेक राज्य कापून दिलं. काम करताना त्यांची बडबड चालूच असायची.

“अरे सायमन, ह्या रोड आयलंडचं काय करू? एवढंसं राज्य? यापेक्षा आमचं खळं मोठं आहे.”

“नकाशात आहे तेवढंच कापा, हनीफभाई.”

“कापतो रे. पण तिथला मुख्यमंत्री फिरायला जात असेल तर राज्याबाहेरच जात असेल.”

साच्यांनी कणीक कापली, ओव्हनमध्ये घातली. बाहेर काढली तेव्हा मी डोक्याला हात लावला. शॉर्टब्रेडमध्ये लोणी भरपूर. गरम झालं की वितळतं आणि कणीक चहूकडे पसरते. गोल बिस्किट थोडं मोठं झालं तर कुणाला कळत नाही. इथे मेरीलँड फुगून डेलावेअरच्या जागेवर गेलं होतं आणि पेनसिल्व्हेनियाने न्यू जर्सीला समुद्रात ढकललं होतं. मी लोणी कमी करून पाहिलं, तर बिस्किट दगड झालं. कणीक थंड करून पाहिली. थोडा फरक पडला, पण सीमा जुळेनात.

मिसेस कॉलिअर त्या दिवसांत रोज यायच्या. स्टुलावर बसायच्या आणि फसलेली राज्यं खात इतिहास सांगायच्या. त्यांच्यामुळेच मला कळलं की वॉशिंग्टन दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले आणि मग स्वतःहून शेतीवर परत गेले. लोक थांबा म्हणत असताना. तिसरे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना फ्रान्सकडून एक बंदर विकत हवं होतं, तर फ्रान्सने म्हटलं, सगळाच मुलूख घ्या. देश एका सौद्यात दुप्पट झाला. हे म्हणजे बाजारात केळ्यांचा घड आणायला जावं आणि विकणाऱ्याने आपली वाडीच गळ्यात मारावी तसं झालं.

“आणि ते तयार होते?” मी विचारलं.

“घाबरले होते. राज्यघटनेत असं विकत घेता येतं का, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पण घेतलं,” त्या म्हणाल्या. मग हातातला तुकडा बघून म्हणाल्या, “सायमन, हे जॉर्जिया चवीला उत्तम आहे. पण आकाराने बटाटा आहे.”

मला राग आला नाही. खरंच बटाटा होता.

उत्तर सुचलं ते आईमुळे. आमच्याकडे नाताळला नारळाच्या वड्या व्हायच्या. आई मिश्रण आधी ताटात थापायची आणि ते गरम असतानाच सुरी फिरवायची. आधी कापून मग थापायचं, असं कोण करतं? मी तेच करत होतो. मग मी पूर्ण ट्रे भरून एकच अख्खी शॉर्टब्रेड भाजली. तिला जेवढं पसरायचं तेवढं पसरू दिलं. ओव्हनमधून काढल्या काढल्या, मऊ असताना, वर साचे ठेवून धारदार सुरीने राज्यं कापली. थंड झाल्यावर ती कडक झाली, आणि व्हर्जिनिया नॉर्थ कॅरोलायनाशेजारी असं बसलं की मध्ये कागद जाईना. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

चार जुलैला हॉलमध्ये गर्दी झाली. मध्यभागी लांबरुंद केक, वर पांढरं बटरक्रीम, कडेला निळ्या क्रीमचा समुद्र. शेजारच्या टेबलावर अठ्ठावीस राज्यं. मी पांढरी टोपी घालून बाजूला उभा. समोरच्या टेबलाशी जनरल मॅनेजर.

मिसेस कॉलिअरनी सुरुवात केली. सगळ्यांत आधी घटना मान्य केली ती डेलावेअरने. डेलावेअरचं कोण आहे? कुणीच नव्हतं. तेव्हा त्यांनी यूसुफला पुढे बोलावलं. यूसुफने आपला पायघोळ पांढरा झगा सावरत डेलावेअर मांडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूला येऊन तो कुजबुजला, “सायमन, आम्हालाही शेजारच्या अमिरातींनी एकत्र या म्हणून बोलावलं होतं. आम्ही म्हटलं, शुक्रन, आभारी आहोत, आमचं आम्ही बघतो. आणि बघ, आज मी डेलावेअर झालो.”

पेनसिल्व्हेनिया आलं, जॉर्जिया आलं. व्हर्जिनिया मिसेस कॉलिअरनी स्वतः मांडलं, दोन्ही हातांनी, पाळण्यात मूल ठेवावं तसं. तेरा पूर्ण झाली. मग व्हरमाँट, केंटकी, ओहायो, एकेक करत देश पश्चिमेकडे सरकू लागला. कॅलिफोर्नियाचा एक इंजिनिअर तक्रार करायला आला, माझं राज्य कुठे. मिसेस कॉलिअर म्हणाल्या, “तुमच्या जागी सगळ्यांत जास्त क्रीम आहे. तक्रार कसली करता?” शेवटी मिस्टर डॉसन उठले. टेक्सास त्यांनी डोक्यावर धरून सगळ्या हॉलला दाखवलं आणि मग मांडलं. शिट्ट्या, टाळ्या. मी सुटकेचा श्वास घेतला.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक वयस्क गृहस्थ उठले. डॉसन यांच्याच कंपनीतले जुने ड्रिलर, नाव एर्ल.

“मॅडम, मी वेस्ट व्हर्जिनियाचा. माझं राज्य कुठाय?”

मिसेस कॉलिअर म्हणाल्या, “आपण टेक्सासपाशी थांबलोय. तुम्ही त्याच्या नंतर आलात.”

“ते मला ठाऊक आहे. पण कॅलिफोर्नियावाल्याची जागा मोकळी तरी आहे. माझं राज्य तुम्ही तुमच्या राज्याच्या पोटात ठेवलंय.”

हॉल हसला. मिसेस कॉलिअर हसल्या नाहीत. मला आधी काही कळेना. यूसुफने एका पाहुण्याला विचारून मला सांगितलं. गुलामीवरून त्यांच्यात आपसांत मोठं युद्ध झालं, तेव्हा व्हर्जिनिया देशातून फुटून निघालं. त्याच्या डोंगराळ पश्चिम भागाने फुटायला नकार दिला आणि लिंकन यांच्या काळात वेगळं राज्य केलं. मिसेस कॉलिअरचा नकाशा त्या आधीचा होता.

जनरल मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी मिसेस कॉलिअरकडे. तसा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. मुंबई राज्याची दोन राज्यं झाली तेव्हा आमच्या गावात आनंदीआनंद होता. वसईच्या बाजारातल्या आमच्या गुजराती दुकानदारानेही पेढे वाटले. पण त्याचे भाऊ सगळे सुरतेला. पेढा हातावर ठेवताना तो असाच दिसत होता.

मी त्यांच्याजवळ गेलो. “मॅडम, तुम्ही म्हणाल तर कापतो. नाही म्हणालात तर केक असाच राहील.”

त्यांनी केकवरच्या व्हर्जिनियाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आमच्या आजोबांनी ते राज्य मरेपर्यंत मानलं नाही.” आणि चष्मा नीट करत, “पण मी मुलांना खरा इतिहास शिकवायचे. कापा, सायमन. सीमा मी दाखवते.”

आता अडचण माझी होती. शॉर्टब्रेड गरम असताना कापता येते. थंड झाली की सुरी दाबताच तिचे चार तुकडे होतात, आणि कुठे तुटेल ते आपल्या हातात नसतं. खाली मऊ क्रीम, म्हणजे आधारही नाही. बुफेवर जेवण गरम ठेवायच्या भांड्यात उकळतं पाणी होतं. मी ब्रेडची दातेरी सुरी त्यात बुडवली, पुसली आणि मिसेस कॉलिअरच्या बोटामागून, डोंगरांच्या रेषेवरून, न दाबता नुसती ओढत नेली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. तळाशी पोचता पोचता ‘कट’ असा आवाज आला आणि मी सुरी उचलली. पण राज्य शाबूत होतं. कोपऱ्याचा एक टवका तेवढा उडाला होता.

एर्लनी तो टवका उचलून तोंडात टाकला. “हा आमच्याच बाजूचा होता.”

तेव्हा मिसेस कॉलिअर हसल्या. चांगल्या मोठ्याने हसल्या. त्यांनी स्वतःच्या बोटाने वेस्ट व्हर्जिनिया जरासं बाजूला सरकवलं आणि एर्लशी हात मिळवला.

“म्हणजे शेवटचा मी नाही?” मागून मिस्टर डॉसन ओरडले.

“नाही, आता मी,” एर्ल म्हणाले. “बसा खाली.”

त्यानंतर केक कुणी कापला, कुणी कुठलं राज्य खाल्लं, ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की आपलं राज्य कुणी खाल्लं नाही. सगळ्यांनी दुसऱ्याचं खाल्लं. टेक्सास चौघांत संपलं. जनरल मॅनेजरनी जाता जाता यूसुफला म्हटलं, “युरोपातला माणूस खलास.” अरबी शब्द त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच वापरला. पुढच्या महिन्यात माझ्या कोटावर पेस्ट्री शेफ असा बिल्ला लागला.

मी नंतर बरीच वर्षं त्याच हॉटेलात काढली. नकाशाच्या आकाराचे आणखी केक केले, त्यांत आपल्या पंधरा ऑगस्टचेही होते. गिऱ्हाईक नकाशा घेऊन आलं की मी दोनच प्रश्न विचारत असे. नकाशा कुठल्या सालचा, आणि जेवायला कोण कुठला येणार आहे? पहिल्याचं उत्तर कुणाला सहसा ठाऊक नसायचं. दुसऱ्याचं मिळालं तरी काम भागायचं.