दोन भोवऱ्यांचं डोकं

सीमाभागातल्या नौबादला रस्त्याच्या कडेला अंबाजीचं पत्र्याचं दुकान आहे. एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीवर खंडोबाचं कॅलेंडर. मूळचा हळ्ळीखेडचा हा माणूस आता पंचावन्नचा झालाय. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कानडी आणि शेजारच्या पंक्चरवाल्याशी दखनी उर्दू असा त्याचा दिवस जातो. वीस वर्षं मी त्याच्याकडंच केस कापतो. ही हकिगत मला तिथंच, कानाशी कात्री चालू असताना, तुकड्यातुकड्यानं कळली.

शांतवन पास्टर त्याचं जुनं गिऱ्हाईक. नौबादच्याच एका लहानशा चर्चचे ते पाळक. दर वर्षी नाताळ आटोपला की दहा-बारा माणसं घेऊन ते हैदराबादला जातात. फुटपाथवरून उचलून आणलेल्या निराधार पुरुषांसाठी तिथं एक आश्रयगृह आहे. त्यात दहा दिवस राहून ही मंडळी कपडे धुतात, जखमा बांधतात, स्वयंपाक करतात. पाच वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी कळवलं की माणसांच्या डोक्यात उवा झाल्यात, खरूज पसरलीय, कुणी केस कापणारा मिळाला तर बघा.

पास्टर दाढी करून उठले आणि म्हणाले, "अंबाजीअण्णा, धा दिवस चला माझ्यासंगं. चाळीस डोकी हायत."

"पास्टरसाब, मला तुमची प्रार्थना येत न्हाई."

"कात्री येती न्हवं?"

अंबाजी हसला, पण घरी बोलल्यावर मात्र कुणी हसलं नाही. थोरला भाऊ हळ्ळीखेडहून आला. "कामून जायलास त्यांच्यात? बाटवून पाठवतेल."

"केस कापायला जायलोय, दादा. केसाला कुठं जात असती?" एवढं म्हणून अंबाजीनं धोकटी भरली. मनातून तोही थोडा बिचकलेलाच होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

आश्रयगृहात तेलुगू बोलणारे होते, उर्दू बोलणारे होते, बिहारचे होते, ओडिशाचे होते, एक तर नेपाळचा होता. सकाळी प्रार्थना व्हायची तेव्हा अंबाजी मागं भिंतीला टेकून उभा राहायचा. ती संपली की वस्तरा कपाळाला लावायचा आणि कामाला बसायचा. दर डोक्याला नवं पातं. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणूनच तिसऱ्या दिवसापासून तो मोकळा झाला.

एकाच माणसानं त्याला डोक्याला हात लावू दिला नाही. सत्तरीचा, उंच, दाढीच्या जटा झालेला. दोन वर्षं तो तिथं होता पण एक शब्द बोलला नव्हता. नाव कळेना म्हणून वहीत त्याला 'थॉमस' लिहिलं होतं. मागं एकदा केस कापायची मशीन घेऊन कुणी जवळ गेलं, तर त्याच्या मनगटाला हा कडकडून चावला होता.

"ह्याला सोडा," तिथली व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी सांगितलं.

अंबाजीनं सोडलं नाही. तो दोन दिवस दुपारचा त्याच्या शेजारी जाऊन बसला. धोकटी उघडायची, तुरटी, कंगवा, कात्री एकेक बाहेर काढून पुसायचं, परत ठेवायचं. म्हातारा बघायचा. तिसऱ्या दिवशी अंबाजीनं त्याच्या हातात आरसा दिला. म्हातारा किती तरी वेळ आरशात बघत राहिला. मग त्यानं आपणहून मान पुढं केली.

जटा कापून काढायला तास लागला. साबण लावून अंबाजी वस्तरा ओठाजवळ नेणार, तेवढ्यात म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं.

"मिशी राहू दे."

मराठीत. तीही आपल्याकडचीच. अंबाजीनं वस्तरा खाली ठेवला. "कोन्या गावचे, मालक?"

म्हातारा म्हणाला, "चिंचोळी." त्यापुढं काही नाही.

आता चिंचोळी नावाची गावं काय एक-दोन आहेत? आपल्या भागात, उमरग्याकडं, लातूरकडं, पाहावं तिकडं चिंचोळी. पास्टर म्हणाले पोलिसांना कळवू, आणि त्यांनी कळवलंही. पण अंबाजीला दुसरंच सुचलं. केस कापताना त्यानं बघितलं होतं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते आणि डाव्या कानामागं कोयत्याच्या जुन्या घावाची बोटभर लांब खूण होती. माणूस नाव विसरेल, चेहरा दाढीत झाकून जाईल, पण ज्यानं ते डोकं वर्षानुवर्षं हाताळलं असेल तो न्हावी विसरणार नाही. अंबाजीनं पाहुण्यारावळ्यांना विचारून विचारून एकेका चिंचोळीतल्या न्हाव्याचा नंबर मिळवला.

सहावा फोन उमरग्याच्या बाजूला लागला. पलीकडच्या माणसानं घावाची जागा परत विचारून घेतली. मग म्हणाला, "दोन भोवरे आन् कानामागं घाव? ते तर नरसिंगराव. पर त्यांचं दिस-तेरावं झालंय की, भाऊ. पोरांची डोकी मीच केली."

नरसिंगराव नऊ वर्षांपूर्वी घरातून निघून गेले होते. डोक्यावर परिणाम झाला होता. महिन्याभरात नदीकाठी एक प्रेत सापडलं, ओळख पटण्यासारखं नव्हतं, पण अंगावर तसंच धोतर होतं. लोक तेच धरून चालले.

त्याच न्हाव्याकडून नंबर घेऊन अंबाजीनं नरसिंगरावांच्या मुलाला, बालाजीला, फोन केला. तो उसळलाच. "आमचा बाप मेलाय. कोन खेळ करायलंय हा?" आणि फोन ठेवून दिला.

अंबाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण कुणाचं तरी सावरलेलं घर हलवलं की काय, असं त्याला वाटायला लागलं. तो पास्टरना म्हणाला, "मी गप बसायला पायजे होतं."

पास्टर म्हणाले, "मलाबी कळत न्हाई, अण्णा. पण ते जिवंत हायत, एवढं तर खरं हाय." त्या वेळी त्यांनी बायबलातलं काही सांगितलं नाही, ते अंबाजीला फार बरं वाटलं.

दिवेलागणीला फोन आला. बाईचा आवाज होता. "मी सुशीलाबाई, नरसिंगरावांची... त्येंनी मिशी ठिवलीय का?"

"व्हय, अक्का. ठिवा म्हणले."

तिसऱ्या दिवशी त्या बालाजीला घेऊन आल्या. मुलगा फाटकाशीच घुटमळला. सुशीलाबाई व्हरांड्यापर्यंत आल्या आणि अंबाजीसमोर थांबल्या. पदर सावरत हळूच म्हणाल्या, "भाऊ, नऊ वर्षं कपाळ मोकळं हाय माझं. आता काय करू? कुंकू लावून आत जाऊ का तशीच?"

  अंबाजी म्हणाला, "ते तुमचं तुमी ठरवा, अक्का. कोन काय म्हणणार न्हाई."

त्या तशाच आत गेल्या. म्हातारा खाटेवर बसला होता. त्यानं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. मग सरकून जागा केली. "बस. उन्हातनं आलीस."

मागोमाग आलेला बालाजी दारातच लहान मुलासारखा रडायला लागला. आश्रयगृहाच्या बाईंनी वहीतलं 'थॉमस' खोडून 'नरसिंगराव' लिहिलं. महिनाभर औषधं सुरू ठेवून मग त्यांना घरी पाठवलं.

"बाईंनी कुंकू लावलं का मग?" मी विचारलं.

"बघितलं न्हाई," अंबाजी म्हणाला. "बघणं बरं न्हवतं."

नरसिंगराव घरी साडेचार वर्षं जगले. नऊ वर्षं कुठं होते ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. दोनदा पुन्हा निघून गेले, दोन्ही वेळा बालाजीनंच शोधून आणलं. गेल्या दिवाळीआधी झोपेतच गेले.

अंबाजी अजून दर जानेवारीत पास्टरबरोबर जातो. बाटला नाही, आणि भाऊही आता काही बोलत नाही. मी एकदा विचारलं, त्यानंतर आणखी किती जणांची घरं सापडली?

"एकाचंबी न्हाई." त्यानं माझी मान हलकेच पुढं केली. "लई जणांला घरच न्हाई, सर. पर दाढी तर वाढतीच की."