देवीच्या राखणीतली पेटी

शिवाजीनगरहून निघालेली एसटी चाकणच्या पुढे जाईपर्यंत शेजारच्या बाईंनी माझी सगळी चौकशी करून घेतली. शेवटी विचारलं, "मास्तरीण का?" मी म्हटलं, "नाही, मास्तरणींची मास्तरीण." त्यावर त्यांनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि जरा पलीकडे सरकून बसल्या.

बोलणं खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बालवाडीच्या ताईंना शिकवणं हे माझं काम. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या पोरांपुढे काय करावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे मी गावोगाव सांगत हिंडायचे. घसा बसायचा, पण पगार वेळेवर व्हायचा.

ह्या खेपेचं काम वेगळं होतं. तळेघरापलीकडच्या एका वाडीवर (डोंगरातली लहानशी वस्ती) आमच्या संस्थेने वर्षापूर्वी बालवाडी काढली होती आणि खेळांची एक पेटी दिली होती. लाकडी ठोकळे, मणी, रंगीत चकत्या, चित्रांचे तुकडे. पेटी उघडल्याची बातमी वर्षभरात आली नव्हती. मुलं येत असल्याचीही आली नव्हती. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पेटी आणा, ओतूरच्या बालवाडीला द्या, आणि वाडीवरची बंद करून टाका. तिथली मुलं तळेघरला येतील."

वाडी ते तळेघर हे अंतर साहेबांच्या भिंतीवरच्या नकाशात नखाएवढं होतं. मधला ओढा नकाशात नव्हता.

"आणि तुकडे मोजून घ्या," साहेब म्हणाले. "अपूर्ण संच दुसऱ्या केंद्राला देता येत नाही. नियम आहे."

पेठला गाडी चहाला थांबली. मार्च महिना, ऊन आत्ताच तापायला लागलेलं. टपरीवर कोबीच्या पोत्यांना टेकून एक गृहस्थ बसले होते. "कुनीकडं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज ओतूर, उद्या तळेघर.

"तळेघरला काय हाय? हिरडा आन् वारा!"

"तिथली बालवाडी बघायचीय."

"म्हंजी लहान पोरं? ती तर सगळीकडंच हायेत," ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. बालवाडी कुठे हवी, ह्या प्रश्नाचा इतका थोडक्यात निकाल आमच्या कोणत्याही बैठकीत लागलेला नाही.

पेटी ठेवायची सोय बघायला आधी ओतूरला उतरले. तिथल्या बालवाडीच्या बाईंनी माझं फार अगत्याने स्वागत केलं. जेवायला मासवडी (तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली बेसनाची वडी, बरोबर झणझणीत रस्सा) होती. तिचं नाव मासवडी असलं तरी माशाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे सांगितल्याशिवाय ओतूरकर पाहुण्याला पहिला घास घेऊ देत नाहीत. जेवण झाल्यावर बाईंनी मला पेटीसाठी केलेली तयारी दाखवली. काचेचं कपाट होतं. नवं कोरं. त्याला चांगलं मुठीएवढं कुलूप.

"पेटी ह्यात ठेवायची," बाई म्हणाल्या. "पोरांना बाहेरून सगळं दिसल."

"आणि हात कधी लावायचा?"

"हात कशाला? मोडलं म्हंजी?"

मी डोळे मिटले. मुलं हातांनी शिकतात, हे मी ह्याच बाईंना मागच्या शिबिरात सकाळ-दुपार सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. एवढ्या लांबून मी जी पेटी आणणार होते ती ह्या काचेमागे जाणार, ह्या विचाराने माझं डोकं जे उठलं, ते मासवडीनेही शांत झालं नाही.

दुसऱ्या दिवशी नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गाड्या बदलत निघाले. डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं तशी गाडी रिकामी होत गेली आणि वळणं वाढत गेली. तळेघरला उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच सुमनताई उभी होती, वाडीवरच्या बालवाडीची ताई. विशीतली पोरसवदा बाई, सातवी शिकलेली, कडेवर चार वर्षांची मुलगी. तिने आधी माझी चप्पल हातात घेतली, कुठून तरी सुतळी काढून बांधून दिली आणि मगच म्हणाली, "पेटी न्यायला आलाव न्हवं?"

म्हणजे निरोप पोचला होता.

वाट उतरत ओढ्यापाशी आली. मार्चमध्ये तिथे नुसते दगड होते. सुमन थांबली. "म्याडम, आता कोरडा हाय. पावसात ह्यो मानसाला ओढून नेतो. आमची वाडी चार म्हैनं अल्याड येत न्हाई. बालवाडी बंद केली तर माझी ठकी तळेघरला कशी जायाची?" कडेवरची ठकी माझ्या सुतळीकडे बघत होती. मी म्हटलं, "ही बोलते का?" सुमन म्हणाली, "शेळीसंगं बोलती. मानसांसंगं न्हाई."

बालवाडीची खोली वाडीच्या तोंडालाच होती. दार उघडलं तर आत भिंतीपासून भिंतीपर्यंत बाळहिरडा वाळत पडलेला. हिरडा म्हणजे ह्या डोंगरातलं औषधी फळ. फाल्गुन-चैत्रात घरटी सगळी माणसं ते गोळा करायला रानात जातात.

"मुलं कुठेत?"

"हिरड्याला."

"आणि बालवाडीत?"

"हिरडा," सुमन म्हणाली.

मी पेटीचं विचारलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "ती लई जपून ठिवली! तुमच्याच संस्थेनं सांगितलं व्हतं, साहित्य सुरक्षित जागी ठेवा. ह्या खोलीला कडी न्हाई. मंग वाडीनं बसून ठरवलं, देवीपाशी ठिवू. वरसूबाईच्या देवळातनं काडी उचलायची कुनाची छाती न्हाई."

देऊळ कौलारू, पुढे मोकळा सभामंडप. गाभाऱ्यात शेंदराने माखलेली देवी आणि तिच्या पायाशी आमची पेटी. झाकणावर हळदीकुंकू, त्यावर नारळ, चारी बाजूंनी झेंडूची सुकलेली माळ. संस्थेचं नाव कुंकवाखाली गेलं होतं. आमच्या साहित्याची एवढी काळजी पुण्याच्या कार्यालयातही कोणी घेत नाही, हे मला मान्य करावं लागलं.

"बरं, द्या काढून," मी म्हटलं.

पुजारी धोंडूबाबा पायरीवर बसले होते, ते खाकरले. "बाई, तशी कशी देनार? देवीच्या राखनीत दिलेली वस्तू तिला इचारल्याबिगर हालत न्हाई. कौल लावाय पायजे."

कौल म्हणजे असं: देवीच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर हो, डावा पडला तर नाही. माझा कौलावर विश्वास नाही. पण दाद मागायला माझ्यापुढे दुसरं कुठलं खिडकी-टेबल नव्हतं.

हिरड्याहून परतलेल्या बाया टोपल्या टेकवून मंडपात बसल्या, पोरं त्यांच्या मागे. धोंडूबाबांनी दाणे लावले आणि मोठ्याने विचारलं, "आई, पेटी पुन्याला द्यायची का?" सगळे दाण्यांकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, काय करता! बराच वेळ काही झालं नाही. मग डावा दाणा पडला.

"न्हाई म्हनली," धोंडूबाबा म्हणाले.

सुमनने पदराने तोंड झाकलं. रडत होती की हसत होती ते कळलं नाही.

"पुन्हा विचारा," मी म्हटलं. आमच्या संस्थेत पहिल्या नकाराला कोणी नकार धरत नाही.

"त्योच प्रश्न आज न्हाई चालत. दुसरा काय असंल तर बोला."

मला चीड आली होती, आणि खरं सांगते, आतून बरंही वाटत होतं. डोळ्यांपुढे ओतूरचं ते कुलूप होतं. मी म्हटलं, "ठीक आहे. नेत नाही. निदान उघडायची का, ते विचारा."

मंडपात कुजबूज झाली. धोंडूबाबांनी सुमनकडे बघितलं, सुमनने त्यांच्याकडे. "आरं, ह्ये आपुन इचारलंच न्हाई कधी," ते म्हणाले. "जपायला दिलीया म्हनून जपत बसलो." त्यांनी दाणे परत लावले. प्रश्न पुरा व्हायच्या आत उजवा पडला.

पेटी मंडपात आणली. नारळ फोडून आधी सगळ्यांना खोबरं वाटलं, मग झाकण उघडलं. पोरं दाटीवाटीने पुढे आली आणि सुमनने ताबडतोब त्यांना रांगेत बसवलं. शिबिरात शिकलेलं सगळं दाखवायची तिला घाई झाली होती. तिने लाल ठोकळा उचलला. "ह्यो रंग कोन्ता?"

"लाल!" पोरं ओरडली.

तिने निळा उचलला.

"लाल!" पोरं आणखी जोरात ओरडली.

"सुमनताई," मी म्हटलं, "आता काही विचारू नका. पेटी मधे ठेवा आणि बसा. गप्प."

"किती येळ?"

"मी सांगेपर्यंत."

तिला ते फार जड गेलं. दर थोड्या वेळाने तिचं तोंड उघडायचं आणि ती हाताने बंद करायची. पोरंही पुतळ्यासारखी बसलेली. मग कोणीतरी एक मणी ढकलला. तो गडगडत गेला, त्यामागे दोघं गेली. रांग मोडली.

ठकी सगळ्यात शेवटी उठली. तिने ठोकळ्यांचे बांध घातले, चौकोन केला, त्यात सुकी पानं पसरली. ह्याला इकडे राब म्हणतात (भाताची रोपं लावण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, ती जागा). लाल चकत्या म्हणजे जाळ. मग तिने त्या काढून हिरव्या ठेवल्या आणि शेजारच्या पोराचा हात धरून, चांगला ठणठणीत आवाज लावून म्हणाली, "पाय नको दिऊ! रोप उगवलंय. बांध फुटला तर पानी जाईल, मंग भात कसा व्हईल? आन् तू काय खाशील, हिरडा?"

सुमनने माझा दंड धरला. "म्याडम, ही बोलती!" ती आता उघड रडत होती. "माझी ठकी बोलती!" इतकी वर्षं मी हे फळ्यावर लिहून शिकवत होते आणि असं डोळ्यांदेखत फार क्वचित बघितलं होतं. मी चष्मा पुसला. धूळ होतीच.

धोंडूबाबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की बालवाडी आता मंडपातच भरेल. हिरडा तसाही खोलीतून लवकर निघणार नव्हता. मी त्यांच्याशी वेळ ठरवत होते, तेवढ्यात ठकीने माझ्यापुढे एक पिवळी चकती ठेवली. "भाकर. खा."

"नंतर खाते हं," मी म्हटलं आणि बोलत राहिले. ती थोडा वेळ उभी राहिली, मग चकती घेऊन गेली.

रात्री सुमनकडे नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि कोरा चहा. सकाळी ती मला तळेघरच्या गाडीपर्यंत पोचवायला आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "ऱ्हाईल न्हवं बालवाडी?" मी म्हटलं, "बोलते साहेबांशी." माझ्या बोलण्याचं साहेबांपुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. मंचरपर्यंत मी खिडकीबाहेर काहीही बघितलं नाही.

घरी येऊन पिशवी उपसली तर तळाशी पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. आत पिवळी चकती. वाटेत भूक लागेल म्हणून शिदोरी बांधून दिली होती पोरीने! मी खुर्चीत बसले आणि एकटीच हसले. सुमनला तळेघरच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला: एक चकती माझ्याकडे आहे, शोधत बसू नका, देवीलाही सांगा.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिले.

"पेटी?"

"देवीने नाही म्हटलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही आग्रह का केला नाहीत?"

"केला. त्याच दिवशी तोच प्रश्न चालत नाही म्हणाले."

"गाडी पाठवून आणू. संच पूर्ण आहे ना?"

"नाही," मी म्हटलं. "एक पिवळी चकती वाडीवर नाही." ह्यात अक्षरही खोटं नव्हतं. चकती माझ्या पर्समध्ये होती.

पेटी उघडली आणि मुलं जमायला लागली, हेही सांगितलं. साहेबांनी कपाळ चोळलं. नियम त्यांचाच होता. अपूर्ण संच हलवता येत नव्हता, आणि साहित्य असलेलं, मुलं येणारं केंद्र बंद करायचं तर वरपर्यंत कारणं द्यावी लागली असती. "देवीने नाही म्हटलं," हे कारण वर लिहून पाठवायची त्यांची तयारी नव्हती. "राहू दे मग," ते म्हणाले. "ओतूरला दुसरी पेटी देऊ." मी म्हटलं, "देण्याआधी त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे येऊ दे."

पाऊस सरल्यावर चकती परत करायला वाडीवर गेले. पाहायला, तपासायला, मार्गदर्शन करायला गावोगाव मी पुष्कळ गेले. मुलांनी दिलेलं काही परत करायला मात्र ही पहिलीच खेप. ओढ्याला अजून पाणी होतं, धोंडूबाबांनी हात धरून पलीकडे नेलं. मंडपातला गलका लांबूनच ऐकू येत होता. सुमन एका कोपऱ्यात बसली होती, हात तोंडावर, गप्प. मला बघून ती डोळ्यांनीच हसली, बोलली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

मी ठकीपुढे बसून चकती तिच्या हातात ठेवली. तिने ती उलटसुलट करून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"खाल्ली न्हाई?"

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी चकती तिच्याकडून परत घेतली, नीट मांडी घातली आणि सगळ्यांदेखत, घासाघासाने, अख्खी भाकरी खाल्ली. मग कालवणही मागून घेतलं.