पेन्का आणि दोषाची ओळ

पेन्का जांबाझोवाच्या तोंडून ज्याने बोलणी खाल्ली नाहीत असा माणूस कर्नेलवाल्यांच्या ईमेलच्या लिस्टवर शोधूनही सापडला नसता. रुसे शहरात, चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ही बाई एकोणीस वर्षं जगभरच्या लोकांचा पाणउतारा करत होती. त्यासाठी तिला कुणी छदाम देत नव्हतं, हे विशेष.

काम काय, तर घड्याळं. भिंतीवरची नव्हेत. यंत्राच्या बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, यंत्र बंद पडलं तरी बटणासारख्या सेलवर वेळ मोजत बसते. कर्नेल म्हणजे जगभरचे लोक मिळून लिहितात त्या खुल्या संगणक-प्रणालीचा गाभा, त्याला या चिपशी बोलायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. असे दीडशेच्या वर ड्रायव्हर होते. कुणीही त्यात दुरुस्ती केली, की तिचा मजकूर, म्हणजे पॅच, लिस्टवर, सगळ्यांच्या देखत, पेन्काकडे यायचा. ती त्याची पिसं काढायची, परत पाठवायची, पुन्हा पिसं काढायची. आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी पास झालेल्यांचा गठ्ठा वर, कर्नेलच्या प्रमुखाकडे, पाठवायची. काम चोख, त्यात शंका नाही. पण तोंड! "हा कोड लिहिताना तुम्ही जागे होता का?" हा तिचा त्यातल्या त्यात गोड प्रश्न.

त्या वसंतात डॉक्टरांनी तिला सांगितलं, काचबिंदू आहे, उजवा डोळा गेल्यात जमा, डावा फार तर दोन वर्षं. पेन्काने डॉक्टरांनाही झापलं. घरी येऊन मात्र तिला एकच घोर लागला. घड्याळं कुणाच्या हाती द्यायची?

टपून बसलेला एक होता. एका बड्या चिपवाल्या कंपनीचा हेनिंग. नेहमी गोड बोलणारा, नेहमी मदतीला तयार. त्याला जुन्या चिपांचे चाळीस ड्रायव्हर काढून टाकायचे होते, म्हणजे लोकांनी झक मारत नव्या विकत घ्याव्या. पेन्का त्याला लिस्टवर उघड उघड गिधाड म्हणायची. कामाला वारस मिळाला नाही तर ते आपोआप त्याच्याकडे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या विचाराने तिची झोप उडायची.

आणि तिच्या मनात एक माणूस होता. शूमेन गावचा लाचेझार बोनेव. चाळिशीचा, दुधाच्या टाक्यांचं तापमान नोंदवणारी यंत्रं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात कामाला. तीन वर्षं तो पॅच पाठवत होता. त्याच्याइतका बारीक वाचणारा तिला उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्याला सहकारी नेमायचा, कर्नेलमधल्या जबाबदार माणसांच्या यादीत त्याचं नाव आपल्या नावाखाली लिहायचं, हे तिने आठ महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं. तसा पॅचही लिहून ठेवला होता. पाठवला मात्र नाही. "अजून थोडा तावून-सुलाखून निघू दे," असं ती स्वतःशीच म्हणायची. आणि तावायची म्हणजे इतरांच्या दुप्पट त्याच्यावर तुटून पडायची. ती स्वतः तरुणपणी एका कारखान्यात अशीच शिकली होती ना! शाबासकी कशाशी खातात हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

जुलैत लाचेझारचा पॅच आला. एका जुन्या चिपचा सेल मेला, की चिप स्वतःच खूण करते: माझ्या वेळेवर विश्वास ठेवू नका. ड्रायव्हर ती खूण बघतच नव्हता. बिनदिक्कत भलतीच तारीख सांगत होता. त्यापायी एका डेअरीतल्या नोंदी उलट्यापालट्या झाल्या, अकरा टन दही गटारात ओतावं लागलं आणि लाचेझारच्या कारखान्यावर दावा ठोकला गेला. चार महिने खपून त्याने दोष शोधला होता. दुरुस्ती सहा ओळींची, निर्दोष.

पण एक ओळ नव्हती. या लोकांत रीत अशी, की दुरुस्ती पाठवताना खाली लिहायचं, हा दोष कुणाच्या कुठल्या बदलाने शिरला. नुसता क्रमांक नाही, त्या बदलाचं शीर्षकही. क्लिक केलं की लिहिणाऱ्याचं नाव समोर. लाज काढायला नव्हे, जुन्या आवृत्त्यांतही दुरुस्ती पोचावी म्हणून. पेन्का या ओळीबाबत इतकी कडक, की ओळ नसेल तर ती पुढे वाचायचीच नाही.

ती खवळली. तिने लिस्टवर लिहिलं: "दोषाची ओळ कुठे आहे? चार महिने काय माश्या मारल्या? इतिहास चाळायचा कंटाळा येत असेल तर दही विरजा, कर्नेलला हात लावू नका. जो दोषी माणूस लपवतो त्याच्यावर मी घड्याळाच्या बाबतीत काय, कशाच्याच बाबतीत विश्वास ठेवणार नाही. नामंजूर."

तिची नणंद गिन्का खालच्या मजल्यावरून ताराटोरचं, म्हणजे काकडी-दह्याच्या थंड सुपाचं, पातेलं घेऊन आली होती. तिने मागून डोकावून विचारलं, "वहिनी, आज कुणाचा मुडदा पाडलास?"

"बोनेवचा."

"तो तुझा लाडका ना? मग लाडके नसतात त्यांचं काय करतेस गं?"

"तुला नाही कळायचं. काकडी फार जाड चिरलीयेस."

"खा मुकाट्याने," गिन्का म्हणाली. "तुझ्या तोंडात काहीतरी थंड गेलेलं बरं."

तासाभरात लाचेझारने पॅच पुन्हा पाठवला. एक अक्षर जास्त नाही, फक्त ती ओळ. पेन्काने भिंग धरून वाचली. बदल नऊ वर्षांपूर्वीचा. शीर्षक: "निरर्थक तपासणी काढून टाकली". लिहिणारी, पेन्का जांबाझोवा.

 तिने तो जुना बदल उघडला. खाली तिनेच लिहिलं होतं: "ही तपासणी ज्याने घातली त्याने चिपचं माहितीपत्रक उघडूनही पाहिलेलं दिसत नाही." अरे देवा! ती खूण बघणारी तपासणी तिनेच काढली होती, आणि माहितीपत्रक तिनेच नीट पाहिलं नव्हतं. लिस्टवर बाराशे माणसं. सगळे बघत होते, म्हातारी आता काय करते.

म्हातारीने जे करायचं तेच केलं, तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. पॅच घेतला, आपली सही केली आणि वर लिहिलं: "दोष माझा. मंजूर." मग टेबलावर मूठ आपटून स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, आणि फोन उचलला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"बोनेव, मी जांबाझोवा. तुम्ही आधीच सांगायचं होतंत!"

 पलीकडून शांत आवाज आला. "मला पहिल्यापासून माहीत होतं, बाई. ओळ मुद्दाम घातली नाही."

"मुद्दाम? का?"

"तुमची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून. जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना मी गुपचूप वेगळं कळवणार होतो."

 पेन्का चिडली. "हा मूर्खपणा आहे! नियम म्हणजे नियम. बरं, ते मरू दे. मला तुमचं नाव माझ्या नावाखाली घालायचंय. पुढे सगळं तुम्हीच सांभाळायचं. आठ महिने झाले, पॅच लिहून तयार आहे."

"आठ महिने?" लाचेझार हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. "आठ महिन्यांपूर्वी तुम्ही लिहिलं होतंत, माझ्यापेक्षा माझी मांजर बरा कोड लिहील. मला मांजर नाही, बाई. तुमचं पत्र आलं की मी संडासात जाऊन वाचायचो, बायकोने माझं तोंड बघू नये म्हणून. हा पॅच दाव्यासाठी हवा होता, म्हणून पाठवला. हा शेवटचा."

"अहो, मी रागावते ती तुमच्यात दम आहे म्हणूनच! बिनकामाच्या माणसावर मी शब्द तरी खर्च करीन का?"

"हे मला आज कळतंय."

"माझे डोळे चाललेत, बोनेव." हे ती गिन्कालाही अजून बोलली नव्हती. "तुम्ही नाही म्हणालात तर ते गिधाड बसेल इथे."

"डोळ्यांचं ऐकून वाईट वाटलं. खरंच," तो म्हणाला. "पण तो हेनिंग निदान नमस्कार तरी लिहितो हो." आणि त्याने फोन ठेवला.

पेन्काने त्याला घुम्या म्हटलं, नाजूक साजूक म्हटलं, कृतघ्न म्हटलं. ऐकायला गिन्का तेवढी होती, आणि तिने एकदाही मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्काने बोनेवला पत्र लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली: "तुम्ही तुमच्या कामाची किंमत ओळखत नाही, हीच तुमची चूक." खोडली. दुसरी लिहिली, त्यातही त्याचीच काहीतरी चूक निघाली. दुपारपर्यंत ती एकसारखी लिहीत नि खोडत राहिली. माफ करा, हे शब्द तिला येत होते. त्यांच्यापुढे "पण" न लावता थांबायचं कसं, ते काही केल्या जमेना.

ते पत्र कधी गेलंच नाही. सप्टेंबरात डाव्या डोळ्यापुढेही अक्षरं फुटू लागली, तेव्हा तिने गिन्काला शेजारी बसवून एकेक अक्षर सांगत घड्याळं सोपवण्याचं एक पत्र लिहून घेतलं. नमस्कार होता, आपल्या सहकार्याबद्दल आभार होते, पुढच्या कामासाठी शुभेच्छा होत्या. एकोणीस वर्षांत पेन्काच्या नावाने गेलेलं असं हे पहिलंच पत्र, आणि ते हेनिंगला गेलं.