गाणारा ऐकू येता कामा नये

आमच्या बँडचा इतिहास आजवर कुणी विचारलेला नाही, तेव्हा मीच सांगते. म्हैसूरच्या अग्रहारात, आमच्या गायकाच्या घरी मागच्या खोलीत, आम्ही तिघं शूगेझ वाजवायचो. या संगीतात वाजवणारे प्रेक्षकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. मान खाली घालून पायाशी मांडलेली गिटारची पेडलं दाबत राहतात. बूट बघत वाजवायचं, म्हणून हे नाव. आता आमची खोली देवघराला लागून. गायकाची आई चपला अंगणातच काढायला लावायची. त्यामुळे आम्ही सहा वर्षं आपापल्या अनवाणी पायांकडे बघत वाजवलं.

गिटार माझी. बास आणि गाणं त्याचं; तो माझा शाळेपासूनचा मित्र. ड्रमर सरगूरहून यायचा आणि परतीची बस चुकू नये म्हणून प्रत्येक गाणं जरा घाईनेच संपवायचा. आम्हाला स्पेस-रॉकचाही नाद होता. शनीच्या कड्यांपलीकडे जाणारं आमचं एकोणीस मिनिटांचं एक गाणं होतं. आम्ही स्वतः तासाभरावरच्या टी. नरसीपूरच्या पलीकडे वाजवायला गेलो नाही. तिथेही गाणं रंगात आलं आणि साउंडवाला धावत स्टेजवर आला, वायर जळाली समजून. "अण्णा, हे असंच असतं," मी म्हटलं. तो बिचारा माझ्याकडे दयेने बघत खाली उतरला.

गाणी तो आमच्या घरच्या मराठीत लिहायचा. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले, आणि तेव्हापासून आमच्या मराठीत कानडी मुक्कामाला आहे. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याने आमचं गाणं ऐकून विचारलं, "छान आहे, पण ही भाषा कुठली?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी नियमच केला: गाणारा ऐकू येता कामा नये. शूगेझमध्ये आवाज गिटारखाली दाबतातच. मी तो पार गाडला. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. गिटारचे थरावर थर चढवायचे, आणि कॉम्प्युटरमध्ये जागा पुरेना की त्याच्या आवाजाचा सुटा ट्रॅक पुसून टाकायचा. तो कधी भांडला नाही. "तुला कळतंय की," एवढंच म्हणायचा. मला काय डोंबल कळत होतं!

त्याची आई मात्र रोज गाणं चालू असतानाच दारात येऊन भांडायची. "घसा फोडून गातंय लेकरू, आणि ऐकू काय येतंय? मिक्सर!"

पुढे ड्रमरचं लग्न झालं, मी बँकेत लागले. बँड फुटला म्हणावं, तर फुटल्याचा आवाज तरी कुणी ऐकायला हवा होता.

गेल्या वर्षी आमच्या गायकाच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. आता तो फोनवर टाइप करून दाखवतो, तेही कानडीत, कारण आईला देवनागरी वाचता येत नाही.

एका दुपारी त्याची आई माझ्या घरी आली. "तुझ्याकडं त्याची गाणी हायत न्हवं? त्यातला त्याचा आवाज तेवढा काढून दे की, पुट्टी." म्हातारीने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. घरात दुसरीकडे त्याचा आवाज नव्हताच. व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांची तो टिंगल करायचा, आणि लग्नांच्या व्हिडिओंत नुसता नादस्वर.

मी आठ दिवस कॉम्प्युटरला चिकटून बसले. आवाज वेगळा काढणारं सॉफ्टवेअर लावलं. त्याने माझ्या गिटारलाच गायक समजून ती सुटी करून दिली. सगळ्या गाण्यांत त्याचा एक शब्द धड सापडेना. मला स्वतःचीच इतकी चीड आली की मी एकटीच मोठमोठ्याने रडले. मग शेवटी 'रद्दी' नावाचं फोल्डर उघडलं. बिघडलेली रेकॉर्डिंगं मी त्यात टाकायची.

त्यात एक सापडलं. शनीचं गाणं ऐन भरात असताना आई दार ढकलून आत आली होती. गिटार, ड्रम सगळं थांबतं. आईचा आवाज: "दोशे निवायला लागले की रे!" आणि मग त्याचा, उघडा, स्वच्छ: "अय्यो, सुम्ने बस की गं आई! सगळं वाया घालवलंस!"

बस्स. एवढंच. गप्प बस म्हणून आईवर ओरडलेला.

हे तिला ऐकवायचं तरी कसं? दोन दिवस मी टाळलं. मग गेले. चपला अंगणात काढल्या. तोही तिथेच बसला होता, गळ्याला रुमाल बांधून. मी लॅपटॉपवर ते लावलं. ते ऐकताच त्याने मान खाली घातली आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मी घाईने बंद करायला गेले, तर आईने माझा हात धरला.

"परत लाव."

लावलं. परत लावलं. किती वेळा, मोजलं नाही. ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, आणि शेवटी त्याच्या खांद्याला धरून हलवायला लागली. "आता म्हण की रे. सुम्ने बस म्हण. किती बोलतीया बघ मी, म्हण की."

त्याने मान वर केली. तिच्याकडे बघितलं, आणि आपल्या ओठांवर बोट ठेवलं.

सहा वर्षं आमचं एक गाणं धड पुरं होऊ न देणारी ती बाई गप्प बसली.