काकूंचा वेणीचा पाव

आज अंधेरीत एका बेकरीसमोर खमिराचा वास आला आणि लहानपणी शेजारी राहणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, काकू आठवल्या. दर शुक्रवारी त्या शब्बाथच्या जेवणासाठी घरीच पिठाच्या तीन पेडांची वेणी घालून दोन पाव भाजायच्या. काका आधी प्रार्थना म्हणायचे आणि मग ते कापायचे. उरलेले शिळे तुकडे रविवारी आमच्याकडे यायचे आणि आई त्यांचा कढीपत्ता घालून फोडणीचा पाव करायची. काका गेल्यावर महिन्याभराने काकू दोन्ही पाव घेऊन आल्या, सुरीही न लागलेले. आईला एवढंच म्हणाल्या, “उरलेत गं.” मी ओरडले, “दोन्ही आपल्याला? झकास!” आईने मला चिमटा काढला, काकू मात्र हसल्या. पुढच्या शुक्रवारी आमच्या मजल्यावर तो वास आला नाही, नंतरही कधीच नाही. आज आला, तर आधी माझंच ओरडणं ऐकू आलं.